मशीनचा नंबर तुमच्याकडे आहे, इम्पेलर कुठे आहे?

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

साहेब, मी वर्सोव्याचा कोळी. बावीस वर्षे होड्यांच्या आउटबोर्ड मशिनी दुरुस्त करतो. हे पत्र मोठ्या ट्रॉलरांबद्दल नाही. त्यांच्या पोटात डिझेल इंजिन असते, त्याचा मिस्त्री आणि त्याचे सामान कुठेही मिळते. मी लिहितोय ते वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, माहीम, ट्रॉम्बे इथल्या लहान होड्यांबद्दल, ज्यांच्या मागच्या फळीला पेट्रोलची मशीन अडकवलेली असते.

आधी आमच्याकडे टू स्ट्रोक होत्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, दोरी खेचायची, धूर काढत जायचे. बिघडली तर पाना आणि पक्कड घेऊन किनाऱ्यावरच उघडायची. मग फोर स्ट्रोक आल्या. मशीन चांगलीच आहे, मी तिला नावे ठेवणार नाही. पेट्रोल कमी खाते, आवाज कमी, धूर जवळजवळ नाही. पण तिच्या पोटात व्हॉल्व्ह आहेत, टायमिंग बेल्ट आहे, ऑइल फिल्टर आहे, थर्मोस्टॅट आहे. दर 100 तासांनी ऑइल बदलावे लागते. जाळे ओढताना तासन्‌तास मंद चालवली तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी वर चढते. नवखा माणूस खूश होतो, की बघा, मशीन ऑइल खात नाही!

नारळी पौर्णिमेनंतरची गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या भावाच्या होडीवर 25 एचपीची फोर स्ट्रोक आहे. मढच्या बाहेर असताना मशीनच्या मागून पाण्याची जी धार पडते, ती करंगळीएवढी होती ती सुतळीएवढी झाली, मग थांबली. भोंगा वाजला, मशीनने आपणहून वेग पाडला. भावाने बंद केली म्हणून वाचली. दुसऱ्या होडीने दोर टाकून ओढून आणली.

मशीनचा खालचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा पंख्याचा भाग, सोडवायला मला अर्धा दिवस लागला. स्टीलचे बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचे अंग, त्यात खारे पाणी, दोन्ही एकमेकांना धरून बसतात. चारांतला एक बोल्ट तुटलाच, तो ड्रिल मारून काढला. आत रबराचा इम्पेलर, म्हणजे मशीन थंड ठेवायला पाणी वर ढकलणारे चक्र, सहा पात्यांचे. तीन पाती गायब. खाडीच्या गाळाने खाल्ली होती आणि वरून प्लास्टिकची पिशवी पाणी ओढायच्या जाळीवर चिकटली होती. आता नवा इम्पेलर टाकला की झाले, असे नसते. तुटलेली पाती पाण्याबरोबर वर जाऊन इंजिनाच्या पाणीवाटांत अडकतात. ती शोधून काढली नाहीत तर नवा इम्पेलर असूनही मशीन तापते. दोन सापडली, तिसरे थर्मोस्टॅटपाशी निघाले.

मग सुरू झाली वणवण. नागदेवी स्ट्रीटला, मुंबईच्या यंत्रसामानाच्या बाजारात गेलो. तिथे बेअरिंग मिळते, कारण त्यावर नंबर कोरलेला असतो. ऑइल सील मापावर मिळते, ओ रिंग मिळते. प्लगचा नंबर जुळला तर तो मोटारसायकलच्या दुकानातही मिळतो. इम्पेलर मात्र नाही. माझगावजवळच्या दारूखाना भागात जहाजांचे जुने सामान डोंगराएवढे पडलेले असते, त्यात आमच्या मशीनचे काही नाही. ज्याने मशीन विकली, तो म्हणाला ऑर्डर टाकतो, पाच-सहा आठवडे लागतील. आमचा हंगाम पाच-सहा आठवडे थांबत नाही, साहेब. शेवटी डुप्लिकेट घेतला, अस्सलाच्या पाव किमतीत. अठरा दिवस चालला. पुन्हा पाय उघडला, पुन्हा बोल्ट.

इम्पेलर म्हणजे तळहातावर मावणारा रबराचा तुकडा. मशीन विकताना सोबत असे दोन दिले तर विकणाऱ्याचे काय बिघडते?

आता मुद्द्याचे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत अतिरेक्यांची जी रबरी होडी लागली, तिला यामाहाची आउटबोर्ड मशीन होती. त्या मशीनच्या नंबरावरून ती पाकिस्तानात कोणी मागवली, इथपर्यंत तपास पोहोचला. मशीनच्या नंबराची किंमत त्या रात्रीनंतर सगळ्यांना कळली. आमच्याही नौकेच्या नोंदणीत मशीनची कंपनी, तिचे घोडे आणि नंबर लिहावा लागतो. लिहावाच, आमची तक्रार नाही. पण सुटा भाग मागायला गेले की दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारतो: मॉडेल काय, नंबर काय? कारण एकाच 25 एचपीचे सामान वर्षागणिक बदलते. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर कुठल्या मॉडेलच्या किती मशिनी आहेत, वर्षाला किती इम्पेलर, किती बेल्ट, किती झिंक (गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे) लागतील, याचा हिशेब तुमच्या खात्याच्या कपाटात आधीच पडून आहे. तो कोणी काढत नाही, एवढेच.

तो काढा. कोळीवाड्यांतल्या मच्छीमार सहकारी सोसायट्या बर्फ आणि डिझेल सांभाळतात, त्यांना एक कपाट इम्पेलर आणि फिल्टर सांभाळणे जड नाही. आणि सरकारी योजनेतून, अनुदानातून जी मशीन दिली जाते, तिच्या विक्रेत्याला अट घाला, की मुंबईत सामान ठेवणार असशील तरच विक. मशीन देतानाचा फोटो पेपरात येतो. तीन वर्षांनी तीच मशीन थर्मोस्टॅटवाचून परसात उलटी टांगलेली असते, तिचा फोटो कोणी काढत नाही.

कराचेही बघा. मासेमारी नौकेचा भाग म्हणून विकलेल्या सागरी इंजिनाला 5 टक्के जीएसटी, असा खुलासा केंद्राच्या ऑगस्ट 2018 च्या परिपत्रकात आहे. ते डिझेल इंजिनाबद्दल होते, पण त्यातले तत्त्व नौकेच्या भागांचे आहे. काउंटरवर मात्र आमच्या बिलावर 18 टक्के लागतात आणि परिपत्रक दाखवले तर दुकानदार हसतो. तुमच्या खात्याने मराठीत एक पानाचे पत्र काढले तर ते आम्ही त्याच्या काउंटरवर ठेवू.

पेट्रोलचा त्रास तर तुमच्या हाताबाहेरचा वाटेल, तरी लिहितो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढते. 1 जून ते 31 जुलै बंदी, बाहेर मुंबईचा पाऊस, टाकीत अर्धे पेट्रोल. ऑगस्टमध्ये टाकी उघडावी तर तळाला इथेनॉल आणि पाण्याचा वेगळा थर बसलेला. तेच कार्ब्युरेटरमध्ये जाते. दर ऑगस्टला माझ्याकडे रांग लागते ती याचीच. मी सगळ्यांना सांगतो, बंदीआधी टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरची वाटी सोडून पेट्रोल काढून टाका. निम्मे ऐकतात. पण बंदरावर एखादा पंप कमी इथेनॉलचा मिळावा, म्हणून केंद्राकडे शब्द टाकायला काय हरकत आहे?

वर्सोव्यातच तुमच्या खात्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. सहा महिन्यांचा वर्ग चालतो, त्याचे नावच ‘सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन व सागरी डिझेल इंजिन देखभाल व परिचालन’. डिझेल! सरकार मच्छीमाराला इंधनावरच्या कराचा परतावा देते त्यातही डिझेल, वर्गातही डिझेल. पेट्रोलची मशीन जणू समुद्रात नाहीच. बंदीच्या दोन महिन्यांत पोरे मोकळी असतात. पंधरा दिवसांचा आउटबोर्डचा वर्ग ठेवा, मी फुकट शिकवीन. पाय कसा उतरवायचा, बोल्टला ग्रीस कुठले लावायचे, झिंकवर रंग का मारायचा नाही (रंग मारला की झिंक झिजत नाही आणि त्याच्याऐवजी मशीन झिजते), संध्याकाळी गोड्या पाण्याने कशी धुवायची. फोर स्ट्रोक आडवी ठेवायची झाली तर कुठल्या कुशीवर, हेसुद्धा लोकांना माहीत नाही. टेम्पोत उलट कुशीवर निजवतात, ऑइल सिलिंडरमध्ये जाते, आणि मग दोरी खेचणाऱ्याचा खांदा निघतो.

एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. ट्रॅक्टरचा फॅन बेल्ट तालुक्याच्या गावी मिळतो. आमचा टायमिंग बेल्ट देशाच्या आर्थिक राजधानीत मिळत नाही.

आपला,
वर्सोवा कोळीवाड्यातला एक मिस्त्री

ता.क. : भावाची मशीन सध्या माझ्या अंगणात पाण्याच्या पिंपात उभी आहे. अस्सल इम्पेलर काल आला, सव्वासात आठवड्यांनी. सोबतचे गॅस्केट दुसऱ्याच मॉडेलचे निघाले.