सॅमीला, रीगाहून

रीगा, ऑक्टोबर अखेर

प्रिय सॅमी,

हे फोनवर सांगता आलं नसतं. तू मध्येच "पुढे सांग, पुढे सांग" करतोस, म्हणून लिहितोय. तब्येती ठीक. माझं ब्लडप्रेशर गोळीवर आहे, सुनंदाचा गुडघा थंडी पडली की कुरकुरतो. झालं.

आमचे घरमालक आजोबा तुला आठवत असतील. व्हिडिओ कॉलवर ते तुझ्याशी हिब्रूत बोलायला गेले आणि तू घाईत मराठीत उत्तर दिलंस, तेच. परवा त्यांना घेऊन रेझेक्नेला गेलो. त्यांच्या आईवडिलांचं गाव, लॅटव्हियाच्या पूर्वेला, रशियाच्या सरहद्दीकडे. युद्धाआधी तिथला दर चौथा माणूस ज्यू होता. आजोबा वाचले ते आईच्या कडेवर बसून आगगाडीने उझबेकिस्तानला गेले म्हणून. वडील मागेच राहिले.

गावात 1845 सालची एक लाकडी मशीद, म्हणजे तुमचं सिनेगॉग, उभी आहे, हिरव्या रंगाची. नॉर्वेच्या पैशातून तिची डागडुजी झाली आणि 2016 मध्ये ती पुन्हा उघडली. आत ज्यूंच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे. फळी न् फळी प्रेमाने बसवलीय, त्यात शंका नाही. आजोबांना वडिलांसाठी कदिश, गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायचं होतं. आम्ही तिघं होतो, त्यात ज्यू ते एकटेच. त्यांनी पुस्तक उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि मिटून खिशात ठेवलं. दहा ज्यू पुरुष नाहीत तर म्हणायचं नाही.

मला काका दिसले रे. शुक्रवारी संध्याकाळी सायकलवरून आळीत फिरून प्रार्थनेला माणसं गोळा करणारे, आणि नऊ जण जमले की दहाव्यासाठी रेवदंड्याच्या एसटीतून कोण उतरतंय ते बघायला तुला पिटाळणारे. तुला तेरा पूर्ण झाली तेव्हा त्यांनी आळीभर पेढे वाटले होते. तुला वाटलं तुझ्या कौतुकाचे. त्यांचा तर दहांत धरायला एक माणूस वाढला होता!

परतीच्या गाडीत आजोबा तीन तास कायद्यावर बोलत होते. लॅटव्हिया स्वतंत्र झाल्यावर जुन्या मालकांना घरंदारं परत मिळाली, धार्मिक संस्थांनाही काही मिळालं. पण ज्यूंच्या शाळा, दवाखाने, वाचनालयं, अनाथाश्रम ज्या मंडळांच्या नावावर होते ती मंडळं सोव्हिएतांनी 1940 मध्ये मोडली, आणि सभासद नाझींनी आणि त्यांच्या इथल्या हस्तकांनी मारले. एकट्या रीगाजवळच्या रुंबुलाच्या जंगलात 1941 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, दोन दिवसांत, सुमारे 25 हजार माणसं. मग अर्ज करायला यायचं कोणी? मालकच नाही म्हणून मालमत्ता सरकारची. मारणाऱ्यांनी मारलं आणि वारसा सरकारला मिळाला, हे मला अजून गिळता येत नाही.

हे सुटायला किती वर्षं लागली बघ. 2009 मध्ये 46 देशांनी चेक प्रजासत्ताकातल्या तेरेझिनच्या जाहीरनाम्यात अशा बेवारस मालमत्तेचा प्रश्न सोडवायचं कबूल केलं, पण ते बंधनकारक नव्हतं. 2012 मध्ये इथल्या कायदामंत्र्याने या कामावरून राजीनामाच दिला. अमेरिकेने 2018 मध्ये कायदा करून या देशांनी दिलेला शब्द किती पाळला त्याचा अहवाल मागवला. ज्यू संघटनांची माणसं वर्षानुवर्षं इथे येत राहिली, मंत्री बदलले की नव्या मंत्र्याला पहिल्यापासून सगळं समजावत राहिली. शेवटी 10 फेब्रुवारी 2022 ला संसदेने इथल्या ज्यू समाजाला दहा वर्षांत 4 कोटी युरो द्यायचं ठरवलं. दोन आठवड्यांनी रशिया युक्रेनमध्ये घुसला. तो ठराव आणखी महिनाभर रेंगाळला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून आजोबांना आजही झोप लागत नाही.

आणि मला ते 2032 नंतरचं लागून राहिलंय. पैसा संपेल तेव्हा इमारती चकचकीत असतील. माणसं? माझं मत ठाम आहे: आधी म्हाताऱ्यांची औषधं, मग शाळा, मग छपरं. 1989 मध्ये, सोव्हिएत संघ उभा असताना, रीगात ज्यू शाळा सुरू झाली. ती चालवणाऱ्यांना मी या पैशासाठी खटपट करणाऱ्या कुठल्याही राजदूताच्या वर बसवीन.

आता आपलं जुनं भांडण. तू इस्रायलला निघालास तेव्हा मी म्हणालो होतो, तू गेलास तर काकांचा दहावा कोण? तू म्हणालास, मला थांबवायचा तुला हक्क नाही. मी आजही म्हणतो, आहे. आजोबांना सांगितलं तर ते तुझ्या बाजूने! म्हणाले, आमच्यासाठी, सोव्हिएत ज्यूंसाठी, अमेरिकेने 1974 मध्ये व्यापाराच्या कायद्यात कलम घातलं, की जो देश आपल्या लोकांना बाहेर जाऊ देत नाही त्याला सवलत नाही. जायचं दार उघडावं म्हणून आमची माणसं तुरुंगात गेली, आणि तू मित्राला राहा म्हणतोस? त्यांचे दोन्ही मुलगेही इस्रायलला, हैफात आहेत. तेवढं बोलून ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. एक मत तुला मिळालं, मांडून ठेव. त्या एलबीडब्ल्यूचं मात्र मिळणार नाही. तू आउट होतास.

काका 1964 ची गोष्ट सांगायचे ना, इतर ज्यूंशी लग्नाच्या प्रश्नावरून बेने इस्रायली, आपले कोकणातले ज्यू, जेरुसलेमला धरणं धरून बसले ती? तेव्हा त्यांच्या पाठीशी कुठला राजदूत नव्हता. आणि आपल्या राज्यात ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा मिळाला 2016 ला. काका असते तर पुन्हा पेढे वाटले असते. पण तोवर आळीतली किती दारं बंद झाली होती, ते तुला माहीत आहे.

म्हणून एक काम सांगतो आणि ते टाळू नकोस. इथे कुठली इमारत कोणाची हे ठरवायला लोकांना युद्धाआधीची दफ्तरं उपसावी लागली, कारण सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आपल्याकडे सांगणारे अजून आहेत. तुमच्या कब्रस्तानाच्या सातबाऱ्यावर आज कोणाचं नाव आहे? कुंपणाच्या आत बाहेरचं बांधकाम सरकलंय असं दादा म्हणत होता. काकांच्या लोखंडी पेटीतले विश्वस्तांचे कागद तुझ्याकडे अश्दोदलाच आहेत ना? सगळे फोटो काढून पाठव, पावत्यासुद्धा. मोजणीचा अर्ज विश्वस्तांच्याच सहीने जायला हवा, त्यांना तू फोन कर. तलाठ्याकडे दादा जाईल, मी त्याला सांगून ठेवलंय.

रिव्काचं लग्न ठरलं हे सुनंदाने सांगितलं, तू नाही. मुलगा काय करतो? मलिद्याचा विधी करणार ना? तुझी नोकरी, सायरन, सगळं लिही.

आणि आजोबांनी विचारलंय, आळीत आता दहा जमतात का. मला सांगता आलं नाही. विश्वस्तांना तेही विचार आणि खरा आकडा कळव.

तुझा,
विनू