मेणबत्तीला दोन्ही हात लागतात

लाइपझिग, जर्मनी
१० ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तू "सगळं बरं आहे गं" म्हणालीस आणि लगेच माझ्या जेवणाचं विचारलंस, तेव्हाच कळलं की बरं नाही. मग रात्री दादाला खोदून खोदून विचारलं. घराच्या पत्र्यावर दगड पडले, विहिरीवरची आपली पाण्याची पाळी भावकीनं अडवली, आणि गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान घ्या म्हणून सह्या केलेल्या बायकांपैकी नऊ जणींनी "आमची सही चुकून झाली" असं लिहून दिलं. दगड पडले त्या रात्री तू ठाम होतीस म्हणे. त्या नऊ जणींचं ऐकलं आणि देवघरासमोर कितीतरी वेळ नुसती बसून राहिलीस. दिवाही लावला नाहीस.

म्हणून हे पत्र लिहितेय. टपालानं यायला पंधरा दिवस जातील, तेव्हा फोटो काढून दादाच्या फोनवर पाठवते. एकादशीच्या भजनाला बायका जमतील तेव्हा त्यानं मोठ्यानं वाचून दाखवावं. त्या नऊ जणी आल्या असतील तर त्यांच्यासमोरही वाचावं.

काल इथं ९ ऑक्टोबर होता. हा दिवस हे गाव दरवर्षी पाळतं. संध्याकाळी लोक मोठ्या चौकात जमतात आणि जमिनीवर मेणबत्त्यांनी ८९ हा आकडा मांडतात. आमच्या वृद्धाश्रमातल्या एक आजी, ज्यांना मी रोज सकाळी आंघोळ घालते, त्यांना चाकाच्या खुर्चीतून तिथं न्यायचं काम माझ्याकडे होतं. जाताना आणि येताना त्या बोलत होत्या. काही मला आधी पुस्तकातून माहीत होतं, पण ज्या बाईचे केस मी विंचरते तिच्या तोंडून ऐकणं वेगळं.

तेव्हा हा भाग पूर्व जर्मनीत होता. एकाच पक्षाचं राज्य, सरकारविरुद्ध बोलायची चोरी, शेजारी कोण आणि खबऱ्या कोण हे कळत नसे. गावाच्या मधोमध निकोलाई चर्च आहे. तिथं १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना व्हायची. बाहेर पाटी, 'सर्वांसाठी खुलं'. आई, कितीतरी सोमवारी तिथं मूठभर माणसं असत. तरी पाद्री क्रिस्टियान फ्यूरर आणि त्यांच्याबरोबरचे लोक दर सोमवारी दार उघडत राहिले. आजींच्या सगळ्या गोष्टीत मला हेच सर्वात मोठं वाटतं. शेवटच्या दिवशीची गर्दी सगळ्यांना आठवते, पण रिकाम्या बाकांसमोर सात वर्षं प्रार्थना करायला किती विश्वास लागत असेल! तुमच्या बचत गटाच्या पहिल्या बैठकीला तू, सुतारकाकू आणि मी एवढ्याच होतो, आठवतं? तू तिघींसाठी सतरंजी घातली होतीस, ती मोठी, लग्नातली.

१९८९ च्या शरदात चर्चमधली गर्दी बाहेर रस्त्यावर सांडू लागली. ७ ऑक्टोबरला सरकारनं आपल्या राज्याचा चाळिसावा वर्धापनदिन साजरा केला आणि त्याच दिवशी इथं लोकांना बडवून काढलं. पकडलेल्यांना घोड्यांच्या तबेल्यात कोंडलं. त्याच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं होतं की गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन हे सगळं थांबवू. जूनमध्ये चीनच्या बीजिंगमध्ये सैन्यानं निदर्शकांवर गोळ्या घातल्या होत्या ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि इथल्या सरकारनं त्याची उघड पाठराखण केली होती. मग उजाडला ९ ऑक्टोबर, सोमवार. दवाखान्यांत रक्ताच्या बाटल्या आणि जादा खाटा तयार ठेवल्यात, अशी बातमी गावभर झाली. आजींच्या मुलाच्या पाळणाघरात सांगितलं, आज मुलांना लवकर घरी न्या. सुमारे ८,००० पोलीस, सैनिक आणि कामगार दलाची माणसं गावात आणली होती.

चर्चमध्ये दुपारी दोनपासूनच पक्षाची सुमारे ६०० माणसं येऊन बसली होती. वरून हुकूम होता, जागा अडवायची. फ्यूरर यांनी त्यांना हाकललं नाही. आलात, आनंद आहे, असं म्हणाले. फक्त वरचे सज्जे बंद ठेवले, म्हणजे कामावरून सुटून येणाऱ्यांना जागा राहील. मग त्याच सहाशे जणांना येशूचं डोंगरावरचं प्रवचन ऐकावं लागलं, वैऱ्यावरही प्रेम करा म्हणणारं. त्या संध्याकाळी गावातल्या चार चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. त्याच सुमारास कुर्ट माझुर, इथल्या मोठ्या वाद्यवृंदाचे संचालक, यांच्यासह सहा जणांचं शांततेचं आवाहन गावातल्या कर्ण्यांवरून ऐकवलं गेलं. त्या सहांत तिघे पक्षाचेच जिल्हा पदाधिकारी होते. म्हणजे भिंतीला आतूनही तडे गेले होते, बाहेरच्यांना ते दिसत नव्हते इतकंच.

मी आजींना विचारलं, भीती वाटली नाही? त्या म्हणाल्या, माझे गुडघे इतके लटपटत होते की शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरला आणि रात्रीपर्यंत सोडला नाही. त्या कधी चर्चला जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. प्रार्थनेचे शब्दही येत नव्हते. पाटीवर सर्वांसाठी लिहिलंय म्हणून आत गेले, एवढंच म्हणाल्या. हातात मेणबत्ती दिली कुणीतरी. मेणबत्ती पेटती ठेवायची तर एका हातात धरावी लागते आणि दुसऱ्या हाताचा आडोसा करावा लागतो. मग दगड उचलायला हात उरत नाही. फ्यूरर हे पुढे पुष्कळदा सांगत. हे ऐकताना मला आपला विठोबाच दिसला. त्याचेही दोन्ही हात कमरेवर, आणि एकात शस्त्र म्हणून नाही.

बाहेर आले तर सुमारे ७०,००० माणसं. जुन्या गावाभोवतीच्या रस्त्यावरून सगळे चालत निघाले, रेल्वे स्टेशनावरून, गुप्त पोलिसांच्या इमारतीसमोरून. "हिंसा नको" आणि "आम्हीच जनता आहोत", एवढ्याच घोषणा. गोळी सुटली नाही. बर्लिनहून ठोस आदेश आला नाही, इथल्या अधिकाऱ्यांनी माणसं मागे घेतली. एक महिन्यानं, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.

आई, देवानं वरून सैन्य पाठवलं असं मी म्हणणार नाही. पण बंदूक धरलेल्या त्या हजारो हातांतला एकही चाप ओढला गेला नाही, यात मला देव दिसतो. आणि ज्या बाईनं आजींना दंड धरू दिला, तिच्यातही. स्वामींच्या तसबिरीखाली 'भिऊ नकोस' लिहिलंय. मला आता वाटतं, ते भिणाऱ्यालाच सांगितलेलं आहे. ज्याला भीती नाही त्याला कशाला सांगतील? तुझे गुडघे लटपटले म्हणून तुझी भक्ती कमी पडली असं अजिबात समजू नकोस.

त्या नऊ जणींवर रागावू नकोस. कुणाच्या नवऱ्याची मजुरी त्या दुकानदाराकडे बांधलेली आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सही उघड्यावर होती. मताची पेटी कुणाला दिसत नाही. सज्जे बंद ठेवले तसं त्यांच्यासाठी जागा राखून ठेव.

मला खरी काळजी दुसरीच आहे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूनं, मत दिलं तरच दुकान बंद होतं, म्हणजे जी गावात नाही तीसुद्धा आपल्या विरोधातच मोजली जाते. आणि ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतील. तारीख त्याआधीची लागावी यासाठी दादानं तहसीलला अर्ज द्यावा, आजच. मतदार यादीतल्या, पण पुण्या-मुंबईला असलेल्या सगळ्या सुना-लेकींची नावं मला पाठवा. इथून फोन करायचं काम माझं. रात्रपाळीनंतर सकाळी मी मोकळीच असते, तेव्हा तुमच्याकडे दुपार असते. वरच्या वस्तीवरची वहिनी माझ्या वर्गात होती, तिच्यापासून सुरुवात करते.

काल त्या आकड्यात एक मेणबत्ती मी तुझ्या नावानं ठेवली. वाऱ्यानं दोनदा विझली. दोन्ही वेळा आजींनी खुर्चीतून वाकून आपल्या मेणबत्तीवर ती पेटवून दिली.

बाबांना नमस्कार. त्यांनी सध्या रात्री ओसरीत झोपू नये. दिवा मात्र आज लाव.

तुझी,
धाकटी