वाण द्या, पण रोज हाताशी लागेल असे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा माळा आवरायला काढला आणि वाणाचे पोतेच हाती लागले. सात साबणदाण्या, अकरा चहाच्या गाळण्या, दात गळालेले कंगवे, आणि एक स्टीलची वाटी. वाटीवर देणारीचे नाव नाही, माझेही नाही. तिसऱ्याच कुणाच्या तरी 'मुंजीप्रीत्यर्थ, १९९८' असे कोरलेले! त्या बटूची मुले आता शाळेत जात असतील. वाटी मात्र अजून घरे बदलतेय.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे घरोघरी हळदीकुंकू असते. चाळीस बायका धरल्या आणि नगाला पंचवीस रुपये, तर हजार रुपये नुसत्या वाणाचेच झाले. तिळगूळ, खाणे वेगळे. सोलापुरात यंत्रमागावरच्या आणि विड्या वळणाऱ्या कितीतरी घरांत पगार आठवड्याला होतो. तिथे हजार म्हणजे काय, हे हिशेब करणाऱ्या बाईलाच विचारा. आमच्या गल्लीतली एक नवी सून दोन वर्षे हळदीकुंकू करतच नाही. का, तर "वाणाला काय देऊ? त्यांनी गेल्या वर्षी काचेचे बाऊल दिलते."

मुळात आपल्या आज्या काय देत होत्या? सुगडात गाजर, ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. पौषात शेतात जे असेल तेच सुगडात. विकत घ्यायचे ते फक्त कुंभाराकडचे मडके. त्यात कुणी कुणावर कडी करायची सोयच नव्हती, कारण सगळ्यांच्या सुगडात तेच! माझी सासू तर बोरांवरून मळा ओळखायची, ती गोष्ट वेगळी.

मी तीन वर्षांपासून टेरी नॅपकिन देते. चादर आणि टेरी टॉवेल या आपल्या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन आहे, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो आणि वाण मात्र कुठून आले ठाऊक नसलेले प्लॅस्टिकचे आणतो. शहराच्या पूर्व भागात, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीत, चौकशी केली तर डझनाच्या भावात नॅपकिन मिळतात. मला नग अठरा रुपयांना पडला. पहिल्या वर्षी एकदोघींनी "एवढंच?" असा चेहरा केला, खोटे कशाला बोलू. पण आता त्यांच्याच ओट्यावर ते नॅपकिन दिसतात, धुऊन धुऊन मऊ झालेले. शेजारच्या काकू घरी कुटलेली शेंगाचटणी कागदाच्या पुडीत देतात. ती तर घरी पोचेपर्यंत निम्मी संपते.

निवडणूक जवळ आली की सार्वजनिक हळदीकुंकवांना ऊत येतो, त्याबद्दल न बोललेलेच बरे. डब्याच्या झाकणावर भाऊंचा हात जोडलेला फोटो असेल, तर त्याला वाण म्हणावे की पत्रक? आणखी एक. माझ्या विधवा जावेला मी बोलावते, कुंकू लावते, वाण देते. पहिल्या वर्षी दोघी उठून गेल्या होत्या, गेल्या वर्षी कुणी उठले नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. दरवर्षी या दिवसांत आपण सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वजांची, गड्ड्यावरच्या, म्हणजे यात्रेच्या जत्रेतल्या, पाळण्यांची छायाचित्रे छापता, ती आम्ही आवडीने पाहतो. त्याच पानावर यंदा चार ओळी अशाही छापा: कोणत्या पेठेत बचत गटाच्या बायका चटणी, कडक भाकरी करतात, कुठे नॅपकिन किरकोळ मिळतात, सुगडे कुठल्या गल्लीत घ्यावीत. आमच्यासारख्या जुळे सोलापुरात राहणाऱ्यांना आपल्याच गावचा पूर्व भाग नीट ठाऊक नसतो.

मला आजवर मिळालेल्या वाणांत सगळ्यांत स्वस्त वाण विड्या वळणाऱ्या एका बाईने दिले होते. जुन्या सुती धोतराचे, चारी बाजूंनी दुमडून शिवलेले, भाकरीचे फडके. देताना म्हणाली, "अक्का, रोज लागतंय बघा, म्हणून आणलं." त्याला आता सहा वर्षे झाली. आज सकाळच्या भाकरीही त्यातच गुंडाळून ठेवल्या आहेत.

आपली नम्र,
एक गृहिणी, जुळे सोलापूर