आपण आणि आम्ही

अंतानानारिवो, मादागास्कर,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझी ती सर्बियन अवघड, की ही मालागासी?" आणि तेवढ्यात फोन कट झाला. बरंच झालं, कारण मला याचं उत्तर सावकाश द्यायचं होतं.

सर्बियात नोवी सादच्या पहिल्याच महिन्यात मला तुमची फार आठवण आली होती. बाईंनी फळ्यावर विभक्तींचा तक्ता काढला आणि मला आपली ओसरी दिसली, शिकवणीची मुलं, "रामः रामौ रामाः". सर्बियनमध्ये सात विभक्ती आहेत. पंचमी गेली, तिचं काम षष्ठीने उचललं. संबोधन मात्र अजून बोलण्यात आहे. आई म्हणजे 'मायका', पण हाक मारायची तर 'मायको'. द्विवचन राहिलं नाही, तरी त्याची खूण आहे. एक तास 'येदान सात', दोन, तीन, चार तास म्हणताना 'साता', आणि पाचापासून 'साती'. बोटाला ते 'पृस्त' म्हणतात, आणि त्यातला ऋ खरोखर स्वर म्हणून उच्चारतात. आपण त्याचा कधीच रु केला.

आई, तुला आवडेल ते पुढे. सुनेला तिकडे 'स्नाहा' म्हणतात. आपली सून संस्कृतातल्या स्नुषेवरून आली, आणि 'स्नाहा' त्याच जुन्या शब्दाची दुसरी लेक. दीर तो 'देवेर', सासरा 'स्वेकर', सासू 'स्वेकृवा'. मध 'मेद'. काकासाठी वेगळा शब्द, मामासाठी वेगळा, काकू-मामींचेही वेगळे. इंग्रजीत सगळ्यांचं अंकल-आंटी होऊन जातं ना, तसं तिथे झालं नाही. परक्या देशात कुणीतरी आपल्याच घरातली भांडी वापरतंय असं मला वाटायचं.

इथे आले आणि त्यातलं काही उपयोगी पडेना. मालागासीचं आपल्याशी रक्ताचं नातंच नाही. तिची सर्वांत जवळची बहीण बोर्निओ बेटावर बारिटो नदीच्या काठी बोलली जाते. पहिल्या सहस्रकात कधीतरी तिथली माणसं होड्यांतून हिंदी महासागर ओलांडून इथवर आली. आफ्रिकेच्या कुशीतलं बेट आणि भाषा आग्नेय आशियाची! विभक्तीचे प्रत्यय नाहीत, लिंग नाही, नामाला अनेकवचन नाही. तो आणि ती दोघांनाही 'इझी'. काळ बहुतेक वेळा क्रियापदाच्या पहिल्या अक्षरात असतो. 'मिविदी' विकत घेते, 'निविदी' घेतलं, 'हिविदी' घेईल. मी असो, तू असो, ते असोत, रूप तेच. वाक्य मात्र आपल्या उलट, क्रियापद आधी आणि कर्ता सर्वांत शेवटी. 'मिविदी वारी नी रेनी', म्हणजे 'विकत घेते तांदूळ आई'. कोण घेतंय हे कळायला शेवटपर्यंत थांबावं लागतं. सुरुवातीला माझा जीव कासावीस व्हायचा.

तेव्हा बाबा, सर्बियनचं व्याकरण कठीण, पण ओळखीचं. मालागासीचं व्याकरण त्या मानाने सरळ, पण एकेक शब्द कोरा पाठ करावा लागतो. मला विचाराल तर सर्बियनच जास्त अवघड. लिपीचा त्रास दोन्हीकडे नाही. वुक कराजिचने 1818 मध्ये सर्बियनचा कोश काढला तो 'बोलतो तसं लिहायचं' हे धरूनच, आणि पाचच वर्षांनी, 1823 मध्ये, इथल्या पहिल्या रादामा राजाने मालागासीसाठी रोमन लिपी ठरवून दिली.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच.

नोवी सादच्या घरमालकीणबाई एकदा म्हणाल्या, "उद्या आम्ही स्लावाला जाणार." स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा सण. त्यांचा शब्द होता 'मी'. सर्बियनमध्ये आम्हीला आणि आपणला हा एकच शब्द. मी आम्ही असं समजून दुसऱ्या दिवशी घरच्या कपड्यांतच बसले, आणि त्या नटूनथटून दारात उभ्या! त्यांच्या 'मी'मध्ये मीही होते, मला कळलंच नव्हतं.

मालागासीत मात्र दोन शब्द आहेत. 'इझाहाय' म्हणजे आम्ही, तुम्हाला सोडून. 'इसिका' म्हणजे आपण, तुम्हाला धरून. अगदी आपल्यासारखं. बाबा, संस्कृतात 'वयम्' एकच ना? हिंदीतही 'हम' एकच. मराठीत हा भेद दक्षिणेच्या शेजारातून, द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. तेलुगूत 'मनम्' आणि 'मेमु' असतातच. जे मी जन्मापासून सहज बोलत आले, ते नात्यातल्या सर्बियनकडे नाही आणि या समुद्रापलीकडून आलेल्या भाषेकडे आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून नुसती बसून राहिले. पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या मुली जेवायला निघताना माझ्या टेबलाशी थांबून "इसिका" म्हणाल्या होत्या. तेव्हा मला फक्त 'चला' एवढंच कळलं होतं.

बाजारातही असंच होतं. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी घेतो, हेही तसंच, 'दिमी आम्बी रुआपुलु', विसावर पाच. पण ते त्याहून पुढे जातात. दीड हजार म्हणजे 'पाचशे आणि हजार'. भाजीवाली शेवटचा शब्द बोलेपर्यंत पाकीट उघडायचं नाही, हे मी आता शिकले. साखरेला 'सिरामामी' म्हणतात, शब्दशः 'गोड मीठ'.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. सकाळी मऊ भात असतो, 'वारी सुसुआ', तुझ्या मऊभातासारखाच. आणि पातेल्याला लागलेल्या खरवडीत पाणी उकळून ते जेवताना पितात. मेतकूट तेवढं संपलंय.

अजून एक. 'तिथे' म्हणायला इथे जागा दिसते की नाही यावरून शब्द बदलतो. खिडकीतून दिसणारी समोरची टेकडी 'एनी'. दिसत नाही ते 'आनी'. शेजारच्या आजी रोज विचारतात, आई-वडील कुठे? मी 'आनी' म्हणते. उच्चार अगदी आपल्या 'आणि'सारखा होतो, आणि मला दरवेळी वाटतं की वाक्य अजून पुरं झालं नाही.

बाबा, एक काम करा. 'स्नुषा' शब्द सगळ्या विभक्तींत चालवून पुढच्या पत्रात पाठवा, तुमच्या अक्षरात. शेजारच्या रकान्यात 'स्नाहा'ची रूपं मी भरीन. डोळ्यांना त्रास होत असेल तर आईला सांगा लिहायला.

तुमची,
लेक