उलाढालीसोबत नगामागचा खर्चही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्रांच्या पुणे पुरवण्यांमध्ये तरुण उद्योजकांवरचे लेख अलीकडे नेमाने येतात. कॉलेजात असतानाच टी-शर्ट छापणारी मुले, घरच्या घरी फराळ करून परगावी पाठवणाऱ्या मुली, वसतिगृहांना डबे पुरवणारे मित्र. हे लेख यायलाच हवेत. मात्र त्यांत कल्पना कशी सुचली हे असते, वर्षाची उलाढाल असते आणि एक हसरे छायाचित्र असते. एका नगामागे किती खर्च आला आणि पैसे किती दिवसांनी हाती पडले, हे कुठेच नसते. लहान धंद्यांचे हिशेब रोज पाहणारे आम्ही दोघे आहोत. पहिला धंदा कल्पना वाईट म्हणून क्वचितच बसतो, तो बेरीज अर्धी राहिल्यामुळे बसतो, असे आमचे ठाम मत आहे.

उदाहरण पुण्यातल्या सर्वांत नेहमीच्या पहिल्या धंद्याचे घेऊ. गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी २०० टी-शर्ट छापून द्यायचे आहेत. पुढे दोन रंग, पाठीवर एक. दर हंगामानुसार आणि कापडानुसार बदलतात, म्हणून खालचे आकडे नमुन्याचे समजावेत. पद्धत मात्र बदलत नाही.

१८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या कापडाचा) सुती प्लेन टी-शर्ट १५० रुपयांना मिळतो आणि तीन छापांची छपाई २५ रुपयांत होते, असे धरू. मुले १७५ खर्च मांडतात, मंडळाला २२० दर देतात आणि ४५ गुणिले २००, म्हणजे ९,००० रुपये नफा वहीत लिहून मोकळी होतात.

आता पूर्ण बेरीज. छपाईत काही नग बिघडतातच, शिवाय ऐनवेळी साइज बदलून मागतात, म्हणून २१६ नग आणावे लागतात. त्यांचे ३२,४०० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी १,६२०. धंद्याची जीएसटी नोंदणी नसेल तर या कराचे क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही, तो सरळ खर्चातच जातो. बिघडलेले सहा धरून २०६ नगांची छपाई ५,१५०. प्रत्येक रंगाला एक स्क्रीन, म्हणजे शाई गाळून छाप उमटवणारी जाळीची चौकट लागते; अशा तीन स्क्रीन प्रत्येकी ४०० प्रमाणे १,२००. ट्रान्सपोर्ट आणि हमाली ९००, पिशव्या ४००, आधी दाखवलेले नमुने ५००, माल पोचवायला टेम्पो ६००. एकूण ४२,७७०. हाती यायचे ४४,०००. उरले १,२३०. एवढ्यात मंडळाचे खजिनदार म्हणतात, ‘बाप्पाचं काम आहे, नगामागे दहा रुपये कमी करा.’ दोन हजार गेले आणि धंदा ७७० रुपये तोट्यात आला. घरात दहा प्लेन टी-शर्ट पडून राहिले, ते वेगळेच.

दोन मुलांची दहा दिवसांची मेहनत तर अजून धरलेलीच नाही. दिवसाला माणशी ५०० रुपये धरले तरी १०,००० होतात, आणि नगाचा खर्च २६४ रुपयांवर जातो. २८० दर सांगितला तर काही गिऱ्हाइके जातील. ती जाऊ द्यावीत. २२० रुपयांना दिलेली प्रत्येक पुढची ऑर्डर तोटाच वाढवते, आणि एकदा दिलेला दर दुसऱ्या वर्षी वाढवणे किती कठीण असते हे पेठेतला कोणताही दुकानदार सांगेल.

पैसा कधी येतो हा प्रश्न याहून महत्त्वाचा. नव्या गिऱ्हाइकाला कापडवाला उधार देत नाही; सगळी रक्कम आधी मागतो. छपाईवाला माल देताना रोख घेतो. मंडळ मात्र विसर्जनानंतर वर्गणीचा हिशेब झाल्यावर पैसे देते. ‘निम्मा ॲडव्हान्स’ ही आपल्याकडची रूढ पद्धत इथे पुरत नाही. ४४,००० चे निम्मे २२,००० झाले आणि कापडाचे बिल ३४,०२० आहे. छपाई सुरू होण्याआधीच १२,०२० रुपये खिशातून घालावे लागतात. अशा तीन ऑर्डर एकाच आठवड्यात आल्या तर वाढणाऱ्या धंद्याचाच श्वास कोंडतो. यावर एक साधा उपाय आहे. कापडाचे आणि छपाईचे अशी दोन वेगळी दरपत्रके द्यावीत. कापडाचे पैसे ऑर्डरसोबत पूर्ण घ्यावेत, छपाईचे माल ताब्यात देताना. कापडाचे बिल समोर ठेवले की गिऱ्हाईक सहसा खळखळ करत नाही. आणि उरलेले पैसे हाती आल्याशिवाय शेवटचा गठ्ठा सोडू नये.

आता माल बिघडतो कुठे, ते. त्यातला बराचसा बिघाड टाळता येतो.

सर्वांत महाग बिघाड शाई कच्ची राहण्याचा. सुती कापडावर सर्रास वापरली जाणारी प्लास्टिसॉल शाई हवेने वाळत नाही. शाईचा पूर्ण थर साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला तरच ती पक्की होते. त्याहून पुष्कळ कमी तापमानाला वरचा भाग हाताला कोरडा लागतो, आणि फसगत होते ती तिथेच. गडद कापडावर रंग उठून दिसावा म्हणून खाली पांढऱ्याचा थर देतात. दोन थर झाले की आतपर्यंत उष्णता पोचायला जास्त वेळ लागतो. घाईत ड्रायरचा पट्टा जोरात फिरवला की वरून पक्की दिसणारी अक्षरे पहिल्या धुण्यातच तडकतात. तापमान मोजायची बंदूक फक्त वरच्या पृष्ठभागाचा आकडा सांगते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. पहिले दोन नग निघाले की थांबावे. थंड झाल्यावर छापलेला भाग दोन्ही हातांनी ताणावा. भेगा पडल्या तर शाई कच्ची आहे. एक नग कोमट पाण्यात साबणाने धुऊन वाळवून पाहावा. यात अर्धा दिवस जातो, आणि २०० नगांची ऑर्डर वाचते.

दुसरी गोष्ट भगव्याची. ‘ड्राय-फिट’ म्हणून मिळणारे टी-शर्ट पॉलिएस्टरचे असतात. भगव्या किंवा लाल पॉलिएस्टरवर पांढरी अक्षरे छापून त्याच उष्णतेत भाजली की कापडाचा रंग शाईत चढतो. मशीनमधून पांढरी शुभ्र निघालेली अक्षरे काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत गुलाबी-केशरी दिसू लागतात. पॉलिएस्टरसाठी रंग न चढू देणारी, कमी तापमानाला पक्की होणारी वेगळी शाई येते. ती महाग असते आणि ती दरात धरावी लागते. ती परवडत नसेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून सुती कापड घ्यावे.

पावसाळ्यात आणखी एक अडचण. गणपतीची कामे आषाढ-श्रावणात चालतात आणि तेव्हा पुण्याची हवा दमट असते. स्क्रीनवर लावलेले इमल्शन, म्हणजे प्रकाशाने कडक होणारा लेप, आतून ओले राहते. तशाच स्क्रीनवर प्रकाश दिला तर पाण्याने धुताना बारीक रेषा निघून जातात, किंवा पन्नासेक छापांनंतर स्क्रीनला भोके पडतात आणि कापडावर शाईचे ठिपके येतात. स्क्रीन बंद कपाटात पंखा आणि थोडी ऊब देऊन सुकवणारा छपाईवाला निवडावा. त्याचे दुकान एकदा आत जाऊन पाहावे.

मराठी अक्षरांचा घोटाळा तर हमखास होतो. मजकूर एका संगणकावर युनिकोडमध्ये लिहिलेला असतो आणि छपाईवाला जुन्या कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. मग ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ सुटा होतो, ‘कार्यकर्ता’चा रफार भलत्याच अक्षरावर जातो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते. २०० पाठींवर मंडळाचे नाव चुकीचे छापले गेले तर ते परत करायला कोणी येत नाही, पैसेच देत नाहीत. फाइल देण्याआधी अक्षरांचे आकृतीत रूपांतर करावे, ज्याला सॉफ्टवेअरमध्ये ‘कर्व्ह्ज’ म्हणतात, आणि पीडीएफ सोबत द्यावी. कागदावर खऱ्या आकाराची प्रत काढून मंडळातल्या एकाच जबाबदार माणसाची सही घ्यावी. ग्रुपवर टाकलेला अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे.

साइजच्या याद्यांचेही तेच. प्रत्येक कंपनीचा ‘एल’ वेगळा असतो. टी-शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत किती इंच भरतो ते मोजावे, प्रत्येक साइजचा एक नग दोन दिवस गिऱ्हाइकाकडे ठेवावा, मगच यादी घ्यावी. जादा नग एल आणि एक्सएलमध्येच घ्यावेत, आणि ते गरज पडेपर्यंत छापू नयेत. प्लेन राहिले तर पुढे कामी येतात, छापले की संपले. सगळा माल एकाच लॉटमधून घ्यावा. नंतर मागवलेल्या वीस नगांचा मरून पहिल्या मरूनशी जुळत नाही आणि फोटोत तो फरक लगेच दिसतो.

वीस-पंचवीस नगांची ऑर्डर असेल तर स्क्रीनच्या वाटेला जाऊ नये. तीन स्क्रीनचे १,२०० रुपये २०० नगांवर सहा-सहा रुपये पडतात, २० नगांवर साठ-साठ. तिथे डीटीएफ फिल्म बरी; तीत नक्षी फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवतात.

तारखांबद्दल एक. गणेश चतुर्थी २०२५ साली २७ ऑगस्टला होती, २०२६ साली ती १४ सप्टेंबरला. ‘गेल्या वर्षी जुलैअखेर कापड मागवलं होतं’ हा हिशेब अधिकमासाच्या वर्षी चुकतो. भिंतीवरचे पंचांग पाहून उलटे दिवस मोजावेत.

स्वतःचे मशीन कधी घ्यावे, हे मुले फार लवकर विचारतात. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते म्हणून ते घेतलेच पाहिजे असे नाही. बाहेर एका छापाला ८ रुपये पडतात आणि घरी शाई, वीज, जागा, मजुरी धरून ५ पडतात असे समजा. वाचले ३. कर्जाचा हप्ता महिना ४,५०० असेल तर निव्वळ हप्ता निघायला महिन्याला १,५०० छाप, म्हणजे तीन छापांचे ५०० टी-शर्ट हवेत. तेही बाराही महिने, नुसते भाद्रपदात नव्हे. तोवर बाहेरूनच छापून घ्यावे.

कागदपत्रांत वेळ घालवायची गरज नाही, पण टाळूही नयेत. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर आधारवर फुकट होते; तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत. नोंदणी करताना काम नीट निवडावे. फक्त व्यापार असे नोंदवले तर उशिरा येणाऱ्या पैशांबाबतच्या कायद्याचे संरक्षण मिळत नाही. उत्पादन किंवा सेवा म्हणून नोंद असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार कंपनीला ठरलेल्या मुदतीत, आणि कमाल ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हिंजवडीतल्या कंपनीचे काम घेताना बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला तर आठवण करून देणे सोपे जाते. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही, पण गोवा किंवा बेळगावला माल विकायचा तर पहिल्या नगापासून लागते. चित्रपटातली पात्रे आणि क्रिकेट संघांची चिन्हे परवानगीशिवाय छापू नयेत. त्यात धंदा जातोच, शिवाय नोटीस येते.

किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही सांगतात. त्याआधी लोखंडी नांगराने जमीन नासते या समजुतीने शेतकरी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराला हात लावत नव्हते, आणि तयार माल विकल्याविना पडून होता, तो भाग कमी सांगितला जातो. शिकणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

म्हणून संपादक महोदय, आपल्याला आमची एक विनंती आहे. तरुण उद्योजकावर लेख छापताना शेजारी एक लहान चौकट द्यावी. त्यात एका नगाचा संपूर्ण खर्च, विक्रीचा दर, वाया गेलेल्या नगांचे प्रमाण, ऑर्डरपासून पैसे हाती येईपर्यंतचे दिवस आणि मालकाने स्वतःला घेतलेला पगार एवढेच असावे. ज्याला हे आकडे देता येत नाहीत त्याच्यावर लेख सहा महिन्यांनी लिहावा. पुण्यातल्या महाविद्यालयांनाही हेच सांगणे आहे. उद्योजकता कक्षाच्या स्पर्धेत सादरीकरणाला बक्षीस देण्याऐवजी, किमान ५० नग खरोखर विकून त्यांची खरेदीची आणि विक्रीची बिले परीक्षकांपुढे ठेवणाऱ्या गटाला ते द्यावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्या बिलांवरून नगाचा खर्च काढून दाखवावा, आणि आकडे जुळले नाहीत तर चूक कुठे झाली ते त्याच दिवशी फळ्यावर मांडून पाहावे.

आपले,
लघुउद्योगांचे हिशेब पाहणारे दोन वाचक,
सदाशिव पेठ, पुणे ३०