‘एकाच वापरात नायनाट’ : कोंबड्यांच्या उवांच्या औषधाबद्दल कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, पशुऔषधे

विषय : परसातल्या कोंबड्यांच्या उवा-गोचिडांवरील तुमच्या औषधाचं चुकीचं प्रमाण, अपुरी माहिती आणि त्यातून झालेलं नुकसान याबद्दल तक्रार.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पशुसखी म्हणून काम करते. उमेद अभियानातल्या बचत गटांच्या बायांच्या शेळ्या-कोंबड्यांकडे लक्ष देणं, जंताचं औषध देणं, राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाच्या लसीकरणाला हातभार लावणं, आजार हाताबाहेर जातोय असं दिसलं की तालुक्याच्या डॉक्टरांना कळवणं, हे माझं काम. आमच्या गावातल्या आणि शेजारच्या कोलाम पोडावरच्या (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या) बायांनी पावसाळ्याच्या तोंडावर तुमचं औषध मिळून विकत घेतलं. ‘उवा, पिसवा, गोचीड, लाल माइट : एकाच वापरात सगळ्यांचा नायनाट’ असं खोक्यावर मोठ्या अक्षरात आहे. (लाल माइट म्हणजे कोंबडीचं रक्त पिणारा बारीक किडा.)

सगळ्यात गंभीर गोष्ट आधी लिहिते. खोक्यावर बारीक इंग्रजीत एक लिटर पाण्याला २ मिली असं प्रमाण आहे. आतल्या मराठी पत्रकात तेच प्रमाण एक लिटरला २० मिली आहे. म्हणजे दहा पट. हा फरक माझ्या नजरेला पडला तेव्हा आमच्या गावातल्या बायांनी बाटल्या उघडलेल्या नव्हत्या. मी त्यांना थांबवलं आणि पत्रकावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला. ज्यांनी उचलला त्यांनी आकडा सांगितला नाही, ‘दुकानदाराला विचारा’ म्हणाले. पुन्हा फोन लावला तर दुसऱ्या कोणी ‘पत्रकात आहे तेच बरोबर’ असं सांगितलं. दुकानदार म्हणाला, खोक्यावरचं धरा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी बाटलीतल्या औषधाची टक्केवारी पाहिली आणि कमी असलेलाच आकडा वापरायला सांगितला. गावात आम्ही तसंच केलं.

पोडावर माझा निरोप पोहोचायच्या आत औषध लावून झालं होतं. तिथल्या बाईने मराठी पत्रक शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घेतलं आणि त्यात होतं तेवढंच औषध पाण्यात टाकलं. तिने काहीही चुकीचं केलेलं नाही, हे मी इथे ठासून लिहिते. कोंबडीसोबतची पिल्लंही तिने त्याच पाण्यात बुडवून काढली, कारण पिल्लांना लावू नका किंवा अमुक वयाच्या आधी लावू नका असं पत्रकात कुठेच नाही. संध्याकाळपर्यंत पिल्लं थरथर कापायला लागली, पायावर उभी राहीनात, माना टाकल्या. सकाळी निम्म्याहून जास्त मेलेली होती. काही महिन्यांत त्या पिल्लांच्या तलंगा (तरण्या कोंबड्या) होऊन अंड्यावर येतील असा तिचा हिशोब होता. गावरान कोंबडी म्हणजे आमच्याकडे बाईच्या हातातला हक्काचा पैसा. वह्या-पेन, दवाखान्याची चिठ्ठी, एसटीचं भाडं त्यातूनच निघतं.

आता ज्यांनी कमी प्रमाण वापरलं त्यांचं सांगते. पहिल्या दोन-तीन दिवसांत उवा मेल्या. शेपटीखालची पिसं बाजूला केली की कातडीवरून पळणाऱ्या पिवळट उवा दिसायच्या, त्या दिसेनाशा झाल्या. बाया खूश होत्या. आठवडा उलटला आणि एकीने मला हाक मारली, ‘ताई, औषिद लावलं न व, पण उवा तं तशाच हायेत.’ बघितलं तर खरंच होत्या, बारीक, नुकत्या निघालेल्या. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच.

असं का होतं हे तुमच्या कंपनीत माहीत असणारच, तरी लिहिते, कारण पत्रकात ते नाही. कोंबडीची ऊ आपलं सगळं आयुष्य कोंबडीच्या अंगावरच काढते. अंगावरून खाली पडली तर आठवडाभरात मरते. ती लिखा घालते त्या पिसाच्या बुडाशी, विशेषतः गुदद्वाराच्या आजूबाजूला, एकमेकींना चिकटवून. त्या लिखांचे पांढरे गठ्ठे बोटाने खरवडूनही निघत नाहीत. या जातीचं औषध चालती-फिरती ऊ मारतं, लिखेच्या आत जात नाही. चार ते सात दिवसांत लीख फुटते आणि तीन आठवड्यांच्या आत तिच्यातून निघालेली ऊ स्वतः लिखा घालायला लागते. म्हणून पहिल्या वापरानंतर दहा दिवसांच्या सुमाराला पुन्हा औषध लावावंच लागतं, म्हणजे नव्याने निघालेल्या उवा लिखा घालायच्या आधी मरतात. ही गोष्ट पशुसंवर्धनाच्या कुठल्याही प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात. तुम्ही मात्र ‘एकाच वापरात’ असं छापता. त्यावर विश्वास ठेवून बायांनी उरलेलं औषध शेजारणीला देऊन टाकलं, काहींनी बाटली फेकली. दुसऱ्यांदा लावायची वेळ आली तेव्हा कोणाकडे औषध नव्हतं. एका खुडूक कोंबडीला उवांनी इतकं भंडावलं की ती अंड्यांवरून उठून गेली आणि सगळी अंडी गार पडली. अंड्यावर बसलेली कोंबडी दिवसचे दिवस जागची हलत नाही, धुळीत लोळत नाही, त्यामुळे उवा तिच्यावरच सगळ्यात जास्त माजतात. तिच्यासाठी पत्रकात एक ओळसुद्धा नाही.

गोचिडांचं तर याहून वाईट. कोंबडीची गोचीड गाई-बैलांच्या गोचिडीसारखी अंगावर टिकून राहत नाही. तिची पिल्लं काही दिवस पंखाखाली चिकटून असतात, पण वाढ झालेली गोचीड दिवसभर खुराड्याच्या भेगांत, बांबूच्या पेरांत, कुडाच्या भिंतीतल्या मातीत लपते. रात्री बाहेर येते, अर्ध्या तासाच्या आत रक्त पिते आणि परत भेगेत. लाल माइटचंही तसंच, रात्री अंगावर, दिवसा फटीत, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार. आमच्याकडची खुराडी पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या), बांबू आणि शेणमातीची. त्यांत भेगा नाहीत असा हातभर तुकडा सापडणार नाही. रात्री बॅटरी घेऊन मी बायांना दाखवलं. भिंतीवरून चपट्या, करड्या गोचिडी दांडीकडे चाललेल्या होत्या आणि ज्या कोंबडीवर त्या चढणार होत्या तिला चारच दिवसांपूर्वी तुमचं औषध लावलेलं होतं. ही गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने, वर्षाहूनही जास्त तग धरते. कोंबडीला कितीही बुडवा, खुराडं तसंच राहिलं तर काही उपयोग नाही. खुराडं रिकामं करून गरम पाणी ओतायचं, भेगांत औषध फवारायचं, चुना भरून लिंपायचं, काही दिवसांनी पुन्हा तेच करायचं, यातलं एक वाक्यही तुमच्या पत्रकात नाही आणि वर ‘गोचिडांचा नायनाट’ असं छापलं आहे.

या गोचिडीमुळे फक्त रक्त जातं असं नाही. तिच्यातून कोंबड्यांना स्पायरोकिटोसिस नावाचा ताप होतो. हिरवी हगवण, मलूल पडणं, तुरा पांढरट होणं, मग मरणं. आमच्या गावात दोन-तीन घरी कोंबड्या अशाच गेल्या आणि खुराड्यातल्या गोचिडी पाहून डॉक्टरांनी याच रोगाचा संशय सांगितला. औषध लावलं आहे, आता गोचीड नाही, या भरवशावर या घरांनी खुराड्याकडे बघितलं नव्हतं.

तुमच्या प्रतिनिधीबद्दलही लिहायला हवं. गावात औषध विकायला आले तेव्हा त्यांनी बायांना राखेचा खड्डा बुजवायला सांगितला, आता त्याची गरज नाही म्हणून. चुलीची राख, बारीक माती आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घातलेला खड्डा आमच्या घराघरांत असतो. कोंबडी त्यात लोळते, पिसं झाडते, उवा कमी राहतात. उवा माजल्यावर एकट्या राखेने भागत नाही हे मीही बायांना सांगते, पण बाराही महिने उवा आटोक्यात ठेवणारी ती एकच फुकटची सोय आहे. पावसाळ्यात तो खड्डा छपराखाली घ्या असं सांगायचं सोडून तो बुजवायला लावणं हे अडाणीपणाचं आहे आणि ते औषध विकणाऱ्या माणसाने करावं याचा मला राग आहे.

आणि अंडी. औषध लावल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत, कोंबडी किती दिवस कापायची नाही, हे बाटलीवर नाही, खोक्यावर नाही, पत्रकात नाही. तुमच्या बाटलीवर ‘माणसांच्या वापरासाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ हे छापलेलं आहे, म्हणजे हे पशुऔषध आहे हे तुम्हीच मान्य केलं आहे. औषध नियमांतल्या नियम ९७ मध्ये २०१२ सालापासून तरतूद आहे की खाण्याच्या जनावरांच्या औषधावर हा थांबण्याचा काळ छापलाच पाहिजे, आणि त्या औषधाचा काळ तपासून ठरवलेला नसेल तर अंडी व दुधासाठी तो ७ दिवसांपेक्षा आणि मांसासाठी २८ दिवसांपेक्षा कमी धरता येणार नाही. गावरान अंडं आरोग्याला चांगलं म्हणून लोक आमच्या बायांकडून जास्त पैसे देऊन नेतात. बाळंतिणीसाठी नेतात, लहान लेकरासाठी नेतात. त्या आठवड्यात औषध लावलेल्या कोंबड्यांची अंडी आठवडी बाजारात गेली. बायांना ठाऊक असतं तर एकीनेही ती टोपलीत ठेवली नसती.

आम्ही यवतमाळचे लोक आहोत. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यातले शेतकरी आणि शेतमजूर दगावले, कित्येकांना दवाखान्यात ठेवावं लागलं. औषधाच्या डब्यावरची माहिती न कळणं म्हणजे काय, हे आमच्या घरांनी पाहिलं आहे. त्याच वर्षी युरोपात कोंबड्यांच्या लाल माइटवर फवारलेल्या औषधात फिप्रोनिल हे कीटकनाशक मिसळलेलं निघालं आणि नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीतल्या दुकानांतून लाखो अंडी काढून टाकावी लागली. तिथे अंडं तपासलं गेलं म्हणून कळलं. आमच्या बाजारातलं अंडं कोणी तपासत नाही. म्हणून बाटलीवरची ओळ हाच आमचा एकमेव पहारा आहे आणि तो तुम्ही ठेवलेला नाही. हातमोजे घाला, तोंड बांधा, उरलेलं पाणी नाल्यात ओतू नका, या जातीच्या औषधाने मासे मरतात, हेही पत्रकात नाही. पोडावरच्या बाईने कोपरापर्यंत हात बुडवून कोंबड्या धुतल्या. तिच्या हाताची आग दुसऱ्या दिवशीही होत होती.

आमची मागणी अशी. या बॅचचं औषध दुकानांतून परत घ्या आणि ज्या दुकानांत ते गेलं आहे त्यांना चुकीच्या पत्रकाबद्दल लेखी कळवा. पोडावरच्या बाईला मेलेल्या पिल्लांची भरपाई द्या आणि गटाच्या बाटल्यांचे पैसे परत करा. नवं मराठी पत्रक काढा, ठळक अक्षरात. त्यात एकच प्रमाण असू द्या, आणि ते झाकणाच्या मापात सांगा, कारण मिली मोजायचं साधन घरात नसतं. बाया मला विचारतात, ‘कितीक झाकणं टाकू व?’ दुसऱ्यांदा कधी लावायचं, खुराड्याचं काय करायचं, किती वयाच्या पिल्लांना लावायचं नाही, अंडी आणि मांस किती दिवस बंद, हे त्यात आलंच पाहिजे. ‘एकाच वापरात नायनाट’ हे शब्द खोक्यावरून काढा. ते खरं नाही.

पत्र मिळाल्यापासून एका महिन्यात लेखी उत्तर आलं नाही तर आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेबलाची तक्रार देऊ, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करू आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. आमच्या एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, हे आम्ही विचारून घेतलं आहे. रिकाम्या बाटल्या, खोकी, पत्रक आणि बिलं गटाच्या पेटीत जपून ठेवली आहेत. त्यांच्या छायाप्रती, मेलेल्या पिल्लांचे फोटो आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

उत्तर कंपनीच्या सही-शिक्क्यानेच पाठवा. फोनवर सांगितलेला आकडा मी यापुढे कोणत्याही बाईला सांगणार नाही.

आपली,
पशुसखी, महिला बचत गटाच्या वतीने
तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ