झोपेच्या गोळीचं डॉक्टरांना सांगा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर म्हणालीस, "कापाकापीचं काही नाही गं, परत शुद्ध येईल ना, एवढीच धास्ती." तेव्हापासून मला चैन नाही. रोज दुसऱ्यांच्या आयांना भूल देते मी, आणि तुला नीट समजावून सांगायचं राहूनच गेलं.

दुर्बिणीने तुझं पित्ताशय काढताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्या दाबाने नाडी आणि बीपी उसळतात. ते आवरायला तुझे भूलतज्ज्ञ कदाचित डेक्समेडेटोमिडीन देतील. हे गुंगीचं औषध मला मनापासून आवडतं. मेंदूत जागेपणा सांभाळणारं एक इवलंसं केंद्र आहे, त्याला ते शांत करतं. झोप जवळजवळ नेहमीसारखीच, श्वास फारसा मंदावत नाही. मुख्य म्हणजे मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामक औषधं कमी लागतात, म्हणून नंतरची मळमळ, उलट्याही कमी होतात. शुद्धीवर येतानाची हुडहुडीसुद्धा.

पण ते नाडी मंद करतं, बीपी उतरवतं. म्हणून सुरुवातीचा डोस साधारण 10 मिनिटं घेऊन सावकाश देतात, आणि सगळ्यांना देतही नाहीत.

बाबा, आता तुमचं काम. आईची बीपीची गोळीही नाडी मंद करणारीच आहे. तिचं नाव आणि डोस भूलतज्ज्ञांना दाखवा. मनाने बंद करू नका, त्या सकाळी घ्यायची का तेही त्यांनाच विचारा. आणि रात्रीची झोपेची गोळी! फाइलमध्ये तिचा उल्लेखच नाही. आई, यात लाजण्यासारखं काय आहे? माझ्या एका पेशंट आजींनी रोजची गोळी लपवली होती. ऑपरेशननंतर ती एकदम बंद झाली आणि दोन रात्री त्यांना स्वतःचा मुलगा ओळखू येईना. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेले नाही.

नंतर उजवा खांदा दुखू शकेल. पोटात उरलेला वायू श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, डिवचतो आणि कळ खांद्यात उठते. सिस्टरना सांग, पण घाबरू नकोस, एक-दोन दिवसांत कमी होतं.

मी आदल्या रात्री पोचते. बाबा, आईचा चष्मा तुमच्या खिशात ठेवा. तिने डोळे उघडले की लगेच चढवा, म्हणजे समोर कोण आहे ते तिला नीट दिसेल.

तुमची लेक